भोंगा कोण वाजवणार? मोबाईल, आभासी वास्तव आणि आपलं स्वास्थ्य

(सांगवी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर वाचलाच असेल: डिजिटल तंत्रज्ञान, आभासी वास्तव आणि माणसाचं स्वास्थ्य. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न अगदी घरातला आहे. रात्री साडेदहाची वेळ. घरातले चौघे जण चार खोल्यांत, नाहीतर एकाच खोलीच्या चार कोपऱ्यांत, आपापल्या पडद्यासमोर बसलेले. कोणी कोणावर रागावलेलं नाही, भांडण नाही. पण सकाळी उठताना डोळे चुरचुरतात, डोकं जड असतं आणि कालची संध्याकाळ नेमकी कशात गेली हे एकालाही सांगता येत नाही.

या विषयावर बोलायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक म्हणजे मोबाईलला शिव्या घालायच्या आणि "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणून घरी जायचं. दुसरा म्हणजे "सुरीने भाजी चिरता येते आणि बोटही कापतं, वापरणाऱ्यावर आहे सगळं" असं म्हणून विषय संपवायचा. दोन्ही मार्गांनी जाऊन कोणाच्या घरात काही बदललेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

आज आपण एकच मुद्दा नीट समजून घेऊ. पडदा पाहण्याने जे नुकसान होतं, त्यातला मोठा भाग "आता थांबायचं" हे सांगणारी खूण नाहीशी झाल्यामुळे होतो. ही खूण एकेकट्याच्या निग्रहाने परत येत नाही. ती चार माणसांनी मिळून परत लावावी लागते. हे कसं, ते बघू.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. ऊस पिकवणारी, साखर कारखान्यात कामाला जाणारी माणसं. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर आले, आणि ज्या पोरांच्या हाती कधी फोन दिला नव्हता त्यांच्या हाती आईवडिलांनीच तो दिला. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांचं लिहिण्यावाचण्यात मन लागत नाही. शाळेच्या आधी मोबाईल, शाळा सुटली की मोबाईल. घरं अशी की अभ्यासाला वेगळी खोली नाही. म्हणजे बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असला की मुलाने पुस्तक उघडायचं तरी कुठे?

१४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाच्या सभेत ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, अंमल सुरू झाला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू. मधल्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय पुढे नेला. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. महिला मात्र लगेच बाजूने उभ्या राहिल्या. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि लोकांना समजावलं.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. हा नियम फक्त मुलांना नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर देशभरासाठी कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना बड्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. त्या निर्णयांमागची काळजी खरी आहे. पण वडगावात सातला भोंगा वाजला की आजोबांची मालिकाही बंद होते आणि वडिलांचं व्हॉट्सॲपही. मुलगा "तुम्ही बघता मग मी का नको?" असं विचारूच शकत नाही. आपल्या घरातली निम्मी भांडणं या एका वाक्यावरून होतात, नाही का?

शास्त्र काय सांगतं?

मोबाईलमुळे मन बिघडतं हे सिद्ध झालंय का? इथे जरा सावध राहायला हवं.

२०१९ मध्ये ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन मोठ्या पाहण्यांची माहिती तपासली. साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती त्यात होती. निष्कर्ष असा निघाला की मुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो. त्यांनी तुलना काय केली माहीत आहे? नेहमी बटाटे खाण्याचा आणि स्वास्थ्याचा संबंधही जवळजवळ तेवढाच दिसला!

म्हणजे काहीच होत नाही का? तसंही नाही. ही सगळ्यांची सरासरी आहे. त्यात गावाकडच्या आजीशी रोज व्हिडिओ कॉल करणारी मुलगी आहे, आणि पहाटे तीनपर्यंत गेम खेळणारा मुलगाही आहे. दोघांचे "तास" एकाच रकान्यात मोजले तर हातात काय येणार? नुसते तास मोजून उत्तर सापडत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

मग नेमक्या गोष्टी बघू. झोपेचं घ्या. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना झोपण्यापूर्वी काही दिवस प्रकाश देणाऱ्या पडद्यावर पुस्तक वाचायला दिलं आणि काही दिवस छापील पुस्तक. पडद्याच्या दिवसांत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली, झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन शरीरात साधारण दीड तास उशिरा तयार झालं, आणि सकाळी सुस्ती जास्त राहिली. प्रयोग लहान होता, पण कार्यकारण स्पष्ट दिसलं.

दुसरा प्रयोग २०१८ चा, अमेरिकेतला. अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. प्रत्येकाचा दिवसाला सरासरी एक तास मोकळा झाला. त्यात लोकांनी एकट्याने टीव्हीही जास्त पाहिला आणि घरच्यांबरोबर, मित्रांबरोबरही जास्त वेळ घालवला. स्वतःच्या समाधानात थोडी पण मोजता येईल अशी वाढ झाली. त्याच वेळी बातम्यांचं ज्ञान कमी झालं. फायदा-तोटा दोन्ही. हे प्रामाणिक चित्र आहे.

आणि फायद्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्या सांगवी-पिंपळे गुरव भागात कितीतरी कुटुंबं मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून कामासाठी आलेली आहेत. नातवाचं पहिलं पाऊल आजी व्हिडिओ कॉलवर बघते. चाकणला कंत्राटी काम करणारा मुलगा खोलीवर बसून गावी पैसे पाठवतो, पीएफ जमा झाला का ते तपासतो. हे स्वास्थ्यच आहे. कॉल संपतो, पैसे पोचतात, काम होतं आणि फोन खाली ठेवला जातो. खरी अडचण काम संपल्यानंतरही फोन खाली जात नाही तिथे सुरू होते.

संपण्याची जागा कुठे गेली?

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे. पडद्याचं वेड तेव्हाही होतं. पण भाग संपला की संपला. पुढचा भाग पुढच्या रविवारी. माणसं उठायची, चहा व्हायचा. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. पुस्तकाचा धडा संपतो.

आताच्या पडद्याला शेवटचं पान नाही. खाली सरकवत राहिलं की नवं येतच राहतं, ही रचना अझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एक व्हिडिओ संपण्याआधीच पुढचा तयार असतो. त्यात आणखी एक गंमत आहे. दहा व्हिडिओ भिकार निघतात आणि अकरावा असा लागतो की आपण हसून लोळतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरल्यावर थांबतं, पण कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते टोचत राहतं. जुगाराच्या मशीनचं तत्त्व हेच आणि आपल्या अंगठ्याचंही हेच.

थांबायची खूण अशी काढून घेतल्यावर आपण मुलाला म्हणतो, "तुला काही कळत नाही का, किती वेळ झाला?" खरंच कळत नाही हो! आणि आपल्यालाही कळत नाही.

प्रेस मशीन आणि दोन बटणं

आता आपल्या पट्ट्यातलंच उदाहरण घेऊ. इथे बसलेल्या अनेकांनी पॉवर प्रेसवर काम केलं असेल. पत्रा ठेवायचा, रॅम खाली येतो, भाग तयार. तासाला शेकडो वेळा तीच हालचाल. अशा वेळी एक क्षण लक्ष गेलं तर बोट जातं. बोटं गमावलेली माणसं भोसरी-चाकणच्या प्रत्येक वस्तीत सापडतील.

यावर उपाय काय निघाला? "कामगारांनो, लक्ष द्या" अशी पाटी लावली जाते, पण तेवढ्यावर कोणी शहाणा सुरक्षा अधिकारी विसंबत नाही. मशीनला दोन बटणं लावतात, एकमेकांपासून दूर. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. काही मशीनला प्रकाशाचा पडदा असतो, हात आत गेला की मशीन थांबतं. लाल रंगाचं इमर्जन्सी स्टॉप असतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. त्यामागचा विचार साधा आहे. थकलेला, विचारात गढलेला, चुकणारा माणूस हाच खरा माणूस. यंत्र त्याला धरून बनवलं पाहिजे.

जिथे उत्पादन वाढवायला गार्ड काढून ठेवतात तिथे अपघात होतात, हेही आपण जाणतो. मोबाईलवरच्या बऱ्याच ॲप्समध्ये गार्ड मुळातच बसवलेला नाही, कारण आपण जितका वेळ थांबू तितक्या जाहिराती दिसणार. तिथे माणूस अडकला की आपण माणसालाच दोष देतो. प्रेसच्या बाबतीत आपण हा न्याय मान्य करू का?

कायद्याने गार्ड बसवता येतो याचं ताजं उदाहरणही आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पगाराच्या दिवशी पगार खात्यात आणि रात्रीत रमीमध्ये गेला, अशा घरांना हा कायदा का लागला ते वेगळं सांगायला नको.

आभासी वास्तव: सगळ्यांत जोरदार यंत्र

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. आभासी वास्तव म्हणजे व्हीआर. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोरचं जग दिसेनासं होतं आणि संगणकाने रचलेलं जग चारही बाजूंनी दिसतं. मान वळवली की तेही वळतं. ही कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असं यंत्र केलं तेव्हा ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागलं. आज ते चष्म्यासारखं डोक्यावर बसतं.

ते मनाला एवढं पटतं कसं? कारण मेंदू डोळ्यांवर फार विश्वास ठेवतो. फरशीवर उभं राहून हेडसेटमध्ये खोल दरी दिसली की पाय खरोखर थरथरतात, तळहातांना घाम येतो. "हे खोटं आहे" हे बुद्धीला माहीत असतं, शरीराला नाही. शरीराची तक्रारही लगेच येते. डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण खुर्चीत बसलोय. ताम्हिणी घाटात मागच्या सीटवर बसून मोबाईल बघितला की गाडी लागते ना, तोच प्रकार. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांवर ताण.

या जोरदार यंत्राने आश्चर्यकारक काम केलेलं आहे. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचं एक आभासी जग बनवलं. जखमेचं ड्रेसिंग बदलणं ही असह्य वेदना असते. त्या वेळी रुग्ण हेडसेट घालून बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो. लक्ष तिकडे गुंतल्यामुळे वेदना लक्षणीय कमी जाणवते. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्यांना आभासी पूल, आभासी गच्ची दाखवत हळूहळू भीती कमी करून दाखवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलालाही आता आधी आभासी टॉर्च धरून हात बसवता येतो. ना ठिणगी, ना वाया गेलेलं लोखंड.

पण या प्रत्येक ठिकाणी थांबायची वेळ ठरलेली आहे. ड्रेसिंग संपलं की हेडसेट निघतो. उंचीच्या भीतीचं सत्र संपलं की समुपदेशक समोर बसून बोलतो. कंबरदुखीच्या त्या उपचारात आठ आठवड्यांत ५६ सत्रं आहेत, आणि प्रत्येक सत्र दोन ते सोळा मिनिटांचं! सर्वांत ताकदीचं यंत्र, आणि त्याला सर्वांत काटेकोर घड्याळ. तोच हेडसेट घरी, दार बंद करून, घड्याळाशिवाय, रोज चार तास घातला तर त्याला उपचार कोण म्हणेल?

आभासी गोष्ट काय देते आणि काय देऊ शकत नाही हे आपल्या शेजारीच, देहू-आळंदीला, सगळ्यांनी अनुभवलं आहे. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरी बसून पडद्यावर दर्शन घेतलं. त्या काळात तो मोठा आधार होता. पण २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा "घरूनच छान दिसतं" म्हणून कोणी मागे राहिलं का? दिसणं पडद्याने दिलं. चालणं, भिजणं, पंगतीत बसणं, रात्री अनोळखी माणसाशेजारी पथारी टाकणं हे पडद्याकडे नव्हतंच.

एकट्याला का जमत नाही?

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. मनात आणलं तर माणूस स्वतः बंद करू शकत नाही का?

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्झ्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या हजाराहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? (आपल्याकडे ते जून २०२० पासून बंदच आहे.) सरासरी उत्तर सुमारे ५९ डॉलर आलं. म्हणजे सोडायला नको वाटतं. मग विचारलं, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच एकदम बंद होणार असेल तर? तेव्हा चित्र उलटलं. तसं व्हावं म्हणून स्वतःच्या खिशातून सरासरी २८ डॉलर द्यायला विद्यार्थी तयार होते!

याचा अर्थ काय? मुलांना ते हवंय म्हणून ती तिथे नाहीत. बाकीचे सगळे तिथे आहेत म्हणून ती आहेत. एकटं बाहेर पडलं तर एकटं पडण्याची भीती. कंपनीच्या ग्रुपचंही हेच आहे. रात्री दहाला सुपरवायझरचा मेसेज येतो. एकाने "जी सर" लिहिलं की बाकीच्यांना लिहावंच लागतं. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते कायदा झालं नाही. पण प्रश्न एकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे, हे त्यातून नोंदलं गेलं.

वडगावच्या भोंग्याने नेमकं हेच केलं. सगळ्यांचं एकदम बंद. कोणी मागे पडत नाही, कोणाचं काही चुकत नाही.

सांगवीत काय करता येईल?

मग लावू या का सांगवीतही सातचा भोंगा? चालणार नाही, मंडळी. सात वाजता एक जण हिंजवडीहून येताना ट्रॅफिकमध्ये असतो, दुसरा सेकंड शिफ्टला कंपनीत असतो, तिसरा नाईटसाठी झोपून उठत असतो. वडगावात तीन हजार माणसांना एक भोंगा ऐकू जातो. इथे एका मोठ्या सोसायटीतच तेवढी माणसं असतील. वेळ उचलता येणार नाही. पद्धत मात्र उचलता येईल: सर्वांनी मिळून ठरवायचं, मोठ्यांपासून सुरू करायचं, आणि सुरुवात आणि शेवट दोन्ही आधी ठरवायचे.

घरात रोज एक अर्धा तास, जेव्हा जास्तीत जास्त माणसं घरी असतील तेव्हा. शिफ्ट बदलली की आठवड्याची वेळ बदला, फळ्यावर लिहा. सगळे फोन एका टोपलीत, आईवडिलांचे आधी.

एका वर्गातल्या पालकांनी एकत्र ठरवायचं की आठवीपर्यंत मुलाला स्वतःचा स्मार्टफोन नाही. एका घराने ठरवलं तर ते पोर बिचारं ठरतं. वीस घरांनी ठरवलं तर तो वर्गाचा नियम होतो.

सोसायटीत संध्याकाळची मैदानाची वेळ पक्की करा आणि त्या वेळी पार्किंगमधून गाड्या काढा. खेळायला जागा नसेल आणि मोबाईल काढून घेतला, तर मुलाने करायचं काय? वडगावात दीड तास मोकळा झाला, तो अभ्यासाने आणि गप्पांनी भरला. मोकळ्या वेळात ठेवायला काही नसेल तर तो पुन्हा पडद्याकडेच जातो.

आणि कामाच्या ग्रुपवर एक ओळ टाका: तातडीचं असेल तर फोन करा, बाकी मेसेज सकाळी बघू. पाच जणांनी मिळून टाका, एकट्याने नको.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : आमची दोन वर्षांची नात मोबाईल दाखवल्याशिवाय जेवतच नाही. काय करावं?*

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही, आजी. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, अधूनमधून नातलगांचा व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वयात दिवसाला एक तासापर्यंत, तोही मोठ्यांच्या सोबत. जेवताना मोबाईल असला की पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही. म्हणजे भुकेची खूणही पुसली जाते. चार-पाच दिवस त्रास होईल, दोन घास कमी जातील. पण घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवा. आजीने बंद केला आणि आत्याने दाखवला तर जमणार नाही.

*प्रश्न : नाईट शिफ्टवाल्याने काय करायचं? सकाळी येऊन पडलो की मोबाईल बघितल्याशिवाय झोप येत नाही.*

तुमचं शरीराचं घड्याळ आधीच उलटं फिरतंय, त्यामुळे तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. खोली अंधारी करा. फोन हाताच्या अंतरावर नको, गजरासाठी साधं घड्याळ घ्या. काही ऐकायचं असेल तर गाणी, कीर्तन, बातम्या काहीही ऐका, पण ठराविक वेळाने आपोआप बंद होईल असं लावून, पडदा पालथा ठेवून. आणि घरच्यांनीही त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यायला हवा.

*प्रश्न : मुलगा खूप गेम खेळतो. हे व्यसन आहे की वयाचा भाग, कसं ओळखायचं?*

फार चांगला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराचा आजारांच्या वर्गीकरणात समावेश केला आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन खुणा दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा, जेवण-झोप-शाळा यांपेक्षाही, खेळ वरचढ होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, किंवा वाढतो. हे साधारण वर्षभर टिकलं आणि त्यामुळे घर, शाळा, मित्र यांत मोठी अडचण झाली, तर तो विकार मानतात. सुट्टीत दोन महिने खूप खेळला म्हणून घाबरू नका.

पण मुलगा बोलेनासा झाला, खोलीबाहेर येईना, खाणंपिणं सुटलं, "जगून काय करायचं" अशी भाषा आली, तर वर्षभर वाट बघायची नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची. फोन हिसकावून, मारून, अपमान करून हे सुटत नाही, उलट त्या क्षणी तो आणखी एकटा पडतो. आधी शेजारी बसा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून खास तंत्रज्ञानाच्या वापराच्या अडचणींसाठी क्लिनिक चालतं. म्हणजे डॉक्टरांना हे नवीन नाही, आणि तुम्हाला यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

क्रमांक पुन्हा सांगतो: १४४१६. ज्यांना लिहून घ्यायचा आहे त्यांनी लिहून घ्या, आम्ही थांबतो.